करपा करपा म्हणता, पण कुठला करपा?

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या अंकात भातावरच्या करप्याची बातमी वाचली. बातमी चांगली होती, पण हा करपा बुरशीचा की जिवाणूंमुळे (बॅक्टेरियामुळे) येणारा कडा करपा ते अख्ख्या बातमीत कुठंच नाही. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, पण गेल्या खरिपात माझे दोन फवारण्यांचे पैसे ह्याच घोळात पाण्यात गेलेत. पान शेंड्याकडून, कडेकडेनं पिवळं पडून वाळत खाली येत होतं, मी ते खिशात घालून दुकानात नेलं तर त्यानं धड न बघताच ट्रायसायक्लाझोल ह्या बुरशीनाशकाची पुडी दिली, मारलं, आठ दिवसांनी परत मारलं, फरक शून्य. मग पुतणी आली, ती ॲग्रीला आहे. तिनं पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरला, तर थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून दुधट धूर निघावा तसं काहीतरी बाहेर यायला लागलं. म्हणाली काका हा बॅक्टेरिया आहे, ह्याला बुरशीचं औषध काय करणार, बुरशी असती तर डोळ्यासारखे ठिपके दिसले असते, मधे राखाडी नि कडेला तपकिरी.

तिनंच मग बांगलादेशची गोष्ट सांगितली. 2016 च्या फेब्रुवारीत तिथं गव्हाच्या लोंब्या अचानक पांढऱ्या पडल्या, आठ जिल्हे, साधारण 15 हजार हेक्टर. आपल्या भातावरच्या करप्याचीच ही जातभाई बुरशी, पण गव्हावर तिनं पहिल्यांदा डोकं वर काढलं ते 1985 ला ब्राझीलमधे, आशियात तोवर नव्हतीच. आता ही तिथल्याच भातावरून गव्हावर उडी मारून आली की बाहेरून? बांगलादेशातले शास्त्रज्ञ तोफज्जल इस्लाम आणि इंग्लंडमधले सोफियन कामून ह्यांच्या टीमनं शेतातली रोगट पानं घेतली, त्यातूनच बुरशीचा जनुकीय मजकूर वाचला आणि शोधनिबंध छापून यायची वाट न बघता सगळा डेटा इंटरनेटवर टाकून दिला, या म्हणाले, कोणीही तपासा. उत्तर आलं की ही भातावरची नाही, दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीची सख्खी नातलग आहे. 2023 मधे तर कळलं की बांगलादेशातली आणि आफ्रिकेतल्या झांबियातली गव्हावरची बुरशी, दोन्ही एकाच वंशाच्या, आणि गव्हातलं आरएमजी8 नावाचं जनुक ह्या वंशाला अडवतं. आता पैदासकाराला कुठलं जनुक धरायचं ते तरी कळलं ना. आपल्याकडे पश्चिम बंगालमधे मात्र सीमेलगतच्या पट्ट्यात गहू पेरायलाच बंदी घालावी लागली होती.

ह्या बुरशीची एक गंमत सांगतो (गंमत म्हणजे तिची, आपलं मरण). तिचा बीजाणू पानाला चिकटतो, त्यातून एक फुगा तयार होतो आणि त्या फुग्यातला दाब मोटारीच्या टायरच्या जवळपास चाळीसपट चढतो, त्या जोरावर ती पानाला भोक पाडून आत घुसते. आत गेली की अशी प्रथिनं सोडते की झाडाची राखणच झोपी जाते. पण झाडाकडे नेमकं त्यातलंच एखादं प्रथिन ओळखणारं जनुक असेल तर झाड लगेच सावध होतं, मग बुरशी काय करते, तर ते प्रथिनच बदलते नाहीतर टाकून देते. म्हणून काही वर्षं करपा न येणारं वाण एकदम बळी पडायला लागतं आणि आपण शिव्या घालतो बियाणेवाल्याला. कधीकधी त्याची चूक असते, कधी नसते.

माझं म्हणणं, आपल्या भागात करपा आला की पानं गोळा करून कुठला वंश आहे हे कृषी विद्यापीठांनी बघावं आणि निघेल ते दर हंगामात लोकांसमोर उघड टाकावं, शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत. आणि तुम्ही पुढच्या वेळी बातमीसोबत बुरशीचा करपा आणि कडा करपा, दोन्ही पानांचे फोटो शेजारीशेजारी छापा. रंगीत पानावर छापा साहेब, काळ्यापांढऱ्यात दोन्ही सारखेच दिसतात.

– एक भातवाला, कर्जत (रायगड)