चिकमगळूरला थोडा वेळ द्या

महोदय,

सुट्ट्यांत कर्नाटकातल्या चिकमगळूरला जाणारे बहुतेक जण मुळ्ळयनगिरी शिखरावर फोटो काढून लगेच उतरतात. त्या परिसराचा जीव मात्र कॉफीच्या मळ्यांत आहे. सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून ७ बिया आणून याच डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. दत्तभक्त आणि मुस्लिम भाविक दोघेही तिथल्या बाबा बुडनगिरीवरील दत्तपीठ-दर्ग्यात श्रद्धेने येतात.

इथली कॉफी झाडांच्या सावलीत वाढते. सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीचे वेल, खाली कॉफीची झुडपे. मार्च-एप्रिलमध्ये वळीव पडला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढराशुभ्र फुलतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि थोड्याच दिवसांत बहर ओसरतो. त्यानंतर अरेबिका जातीच्या कॉफीची फळे पिकायला आठ-नऊ महिने! तीही हातानेच, पिकतील तशी तोडायची. ज्या गावाचे वर्ष असे चालते, त्याला घाई कशी असणार?

सहल कंपन्यांनी एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्यापेक्षा एक अख्खी सकाळ मळ्यातल्या पायवाटांसाठी राखावी. आणि घाटात उगाच हॉर्न वाजवू नयेत. मळ्यातले मजूर त्याच अरुंद रस्त्यांनी कामावर चालत जातात.

– एक कॉफीप्रेमी वाचक