रविवारची आठवण: पाणबुड्यांचं संग्रहालय

सभासदहो, येत्या रविवारी पोहणं आटोपल्यावर, ९.३० वाजता, उपवनजवळच्या आपल्या नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा पोर्ट्समथसमोरच्या गॉस्पोर्टला डायव्हिंगच्या इतिहासाचं छोटंसं संग्रहालय पाहिलं, त्याचे फोटो दाखवणार आहे. (पाणबुडे म्हणजे माणसं. पाणबुडी बघायची आशा धरून कुणी येऊ नये.)

संग्रहालय जुन्या तोफखान्याच्या इमारतीत आहे. तांब्या-पितळेचं शिरस्त्राण, शिशाच्या तळाचे बूट. सगळा पोशाख मिळून वजन ८० किलोच्या घरात. आपण इथे गॉगल घट्ट झाला तरी कुरकुरतो! गंमत म्हणजे या शिरस्त्राणाचं मूळ पाण्यात नाही, धुरात आहे. चार्ल्स डीननं १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते आगीत शिरणाऱ्यांसाठी. पुढे डीन बंधूंनी तेच पाण्याखाली नेलं. पण त्यांच्या पोशाखाची खालची बाजू उघडी असायची, त्यामुळे पाणबुड्या वाकला किंवा पडला की आत पाणी. ऑगस्टस सीबे या इंजिनिअरनं शिरस्त्राण बंद पोशाखाला जोडलं, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेच्या तोफा जॉन डीननं १८३६ मध्ये वर काढल्या, त्याही तिथल्याच समुद्रातून.

मुलांना जरूर आणा. चहा आहे, पण कप घरून आणा. मागच्या वेळचे तीन अजून सापडलेले नाहीत. ओले टॉवेल खुर्च्यांवर टाकू नयेत.