खरखर काढताना तंबोराच पुसला

मा. संपादक,

जुन्या ख्यालगायनाचे रिमास्टर केलेले, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग साफसूफ करून नव्यानं काढलेले अल्बम आता मोबाईलवर ढिगानं येतायत, आनंदच आहे, पण ऐकून जीव तुटतो म्हणून लिहितोय. आमच्या घरी वडिलांनी जपलेली कुमार गंधर्वांची एलपी आहे, आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला माणूस, त्यामुळे बेळगावकरांना त्यांचं जरा जास्तच. परवा तेच गाणं रिमास्टर केलेलं ऐकलं. खरखर गेली हो, पण तिच्यासोबत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणीत गुंजारव, तो पण गेला! दोन्हींचा बारीक आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीतच असतो ना, नॉईज रिडक्शन जास्त मारलं की दोन्ही साफ, आणि मग तंबोरा पाण्याखाली वाजतोय असं वाटतं. वर लाऊडनेस इतका चढवलाय की हळूच लावलेला सूर आणि मोकळी तान एकाच मापाची.

सगळ्यात वाईट म्हणजे श्वास कापलेत. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झाल्यावर छोट्या छोट्या तुकड्यांतून ज्यांनी गाणं उभं केलं, त्यांचा श्वास म्हणजे काय नॉईज आहे का?

कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की रिमास्टर जरूर करा, पण शेजारी मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं पण ठेवा, आणि कॉपी मास्टर टेपवरून (मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून) केली की घासलेल्या रेकॉर्डवरून तेही लिहा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव