कशेळीच्या काकांना, गिरगावातून

काका, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात कोकणात तुमच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, आलेली ती मुंबईची बाई मीच. तिथल्या कातळशिल्पातला, जमिनीवरच कोरलेला हत्ती फोटोत उठून दिसावा म्हणून कातळातल्या रेघांत रांगोळी भरत बसले होते. तुम्ही ओरडला नाहीत. घरून झाडू आणलात आणि वाकून एकेक रेघ झाडून काढलीत. "रेघ हाय तिथंच. सकाळी ये, ऊन तिरपं असलं का दिसंल," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी सातला आले. खाचांत सावली भरली आणि हत्तीच्या पोटातले मासे, जनावरं जांभ्यातून वर आली. त्या रांगोळीची लाज अजून वाटते, म्हणून हे आभार चारचौघांत.

दिवाळीत आमच्या चाळीतल्या मुलांनी किल्ल्याऐवजी तुमचा हत्ती काढायचं ठरवलं. तो साधारण १८ मीटर बाय १३ मीटर. आमचं अंगण अख्ख्या हत्तीला पुरेना. लहान करून काढते म्हटलं, तर फोनवर तुम्ही म्हणालात, "अर्धा काढ, पण ल्हान करू नको." मग दर मीटरला गाठ मारलेली दोरी घेऊन कडेकडेने फिरलात, आकडे सांगत राहिलात आणि इथे मी गेरूने ओढत गेले. सोंड जिन्यापाशी आली, पोट पाण्याच्या टाकीला टेकलं. मागचे पाय राहिलेच.

अंगणात उभं राहून कुणालाच काही कळेना. मुलं तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत धावली आणि वरून आरोळी आली, "हत्तीऽऽ!" पण सड्यावर वर चढायला आहे काय? मग कोरणाऱ्यांनी अख्खा हत्ती पाहिला कधी? हा प्रश्न मुलांचा, मी फक्त पोचवते.

कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी अशी कातळशिल्पांची ठिकाणं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, हेही मी त्यांना सांगितलं. यादीचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. शेजारच्या आजी मात्र काठी टेकत खाली आल्या. त्यांचं माहेर राजापूरकडचं. "अगो, ही पांडवांची चित्रं! गुरं घेऊन जायचो आम्ही तिथे." मग त्या रात्री जेवणं उशिराच झाली.

भाऊबीजेला अंगण धुतलं, हत्ती गटारात वाहून गेला. मे महिन्यात पुन्हा येतेय. आजीही येतो म्हणतात. रस्त्यापासून सड्यापर्यंत त्यांना चालवेल का, तेवढं कळवा.

तुमची,
रांगोळीवाली