तुझा 1500 लपवू नकोस

सांगली, 12 ऑक्टोबर 2025

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. डोळ्यात थेंब घालायला कोणीतरी जवळ हवं, म्हणून महिनाअखेरीपर्यंत मी इथेच आहे. मी परत येईपर्यंत 1 नोव्हेंबर, अर्जांची पहिली मुदत, तोंडावर आलेला असेल. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, एसएटीचा, स्कोअर मी कुठेच पाठवत नाही, आणि डार्टमथ कॉलेजला तो लागतोच म्हणून डार्टमथच यादीतून काढते." बाबा म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. ठरव तूच. पण दोन वर्षं जिचं नाव घेत होतीस ती जागा एका आकड्याच्या धास्तीने सोडणार असशील, तर माझं म्हणणं आधी पुरतं वाच. मग ठरव.

ही धास्ती कुठून आली ते मला ठाऊक आहे. गणपतीला डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला गेलो तेव्हा आरतीनंतर तुम्ही सगळी मुलं जिन्यावर प्रसादाच्या वाट्या घेऊन बसला होतात आणि विषय एकच चालला होता. सोळाशेपैकी कोणाला 1560, कोणाला 1540, आणि कोणीतरी म्हणालं की 1500 पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा. तेव्हापासून तू गप्प झालीस.

आधी तुझे आकडे बघू. एप्रिलमध्ये शाळेत झालेल्या परीक्षेत, जी मिशिगनमध्ये अकरावीच्या सगळ्या मुलांना द्यावी लागते, रीडिंग-रायटिंग 690 आणि मॅथ 760. ऑगस्टमध्ये 740 आणि 730. तू म्हणतेस एप्रिलचा 690 कोणाला दिसायला नको, म्हणून पाठवलाच तर फक्त ऑगस्टचा. म्हणजे 1470. पण तसं केलंस तर मॅथचे 760 तुझ्याच हाताने पुसले जातील. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या स्कोअर चॉइसमध्ये कोणत्या तारखेची परीक्षा पाठवायची एवढंच आपल्या हातात असतं. एका तारखेचा फक्त मॅथ आणि दुसरीचा फक्त रीडिंग असं निवडून पाठवता येत नाही. दोन्ही तारखा पाठवल्यास की कॉलेज स्वतः प्रत्येक भागातला चांगला आकडा उचलतं, 740 आणि 760, झाले 1500. सुपरस्कोअर तो हाच. इथे दहावीला सहा विषयांपैकी उत्तम पाच धरून टक्के काढतात तसंच समज. राहिलेल्या विषयाबद्दल नंतर कोणी विचारत बसत नाही. डार्टमथ सुपरस्कोअर धरतं. आणि कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, आपले आकडे आपणच भरतो, तिथे तर प्रत्येक भागाचा सर्वोच्च गुण आणि त्याची तारीखच विचारतात. बरीच कॉलेजं अर्जाच्या वेळी एवढ्यावर भागवतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश घेताना मागतात.

आता मुख्य गोष्ट. तुझा अर्ज वाचणारा माणूस तुला नोव्हायच्या मुलांशेजारी उभं करून बघणार नाही. अर्जाबरोबर तुझ्या कौन्सेलर शाळेचं प्रोफाइल पाठवतात. शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, किती विषय शिकवतात, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात, एसएटीची सरासरी किती, हे सगळं त्यात असतं. आपल्या गावातल्या शाळेत एपीचे विषय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅल्क्युलसला पुरेशी मुलं नव्हती म्हणून तू तो ऑनलाइन केलास, दुपारच्या सुट्टीत लायब्ररीच्या कोपऱ्यात हेडफोन लावून. त्या शाळेतून आलेला 1500 आणि जिथे डझनावारी मुलं 1550 आणतात त्या शाळेतून आलेला 1500 हे वाचणाऱ्याला सारखे दिसत नाहीत.

हे मी आईच्या मायेने म्हणत नाही. डार्टमथनेच हे तपासलं होतं. त्यांच्या अध्यक्षांनी तिथल्याच प्राध्यापकांना, तीन अर्थतज्ज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ, अभ्यास करायला सांगितला आणि 2024 च्या फेब्रुवारीत परीक्षा पुन्हा सक्तीची केली. ऐच्छिक असतानाच्या वर्षांत कमी उत्पन्नाच्या घरांतली काही मुलं असे स्कोअर दाबून ठेवत होती, जे कळवले असते तर त्यांचं पारडं जड झालं असतं, हे त्यांना आढळलं. 1400 च्या घरातले स्कोअरसुद्धा. त्या मुलांनी कॉलेजचा सरासरी आकडा बघितला, आपण खाली आहोत असं ठरवलं आणि गप्प बसली. आपलं घर त्या अर्थाने गरीब नाही, पण शाळा तशीच आहे, आणि चूकही तू तीच करायला निघाली आहेस. तुझ्या शाळेच्या मानाने तू कुठे आहेस, हे त्यांना बघायचं आहे.

तू दाखवलेले आकडेही थोडे सावधपणे वाच. मधल्या निम्म्या मुलांचे 1500 ते 1570-80 असं जे लिहिलेलं असतं, त्याखाली म्हणजे नापास नव्हे. पाव मुलं त्याच्याही खाली असतात आणि ती तिथेच शिकतात. जिथे परीक्षा ऐच्छिक आहे तिथे तो आकडा फुगलेलाही असतो, कारण ज्यांना चांगले पडले त्यांनीच पाठवलेले असतात. कॉलेज दरवर्षी आपली आकडेवारी छापतं त्या कॉमन डेटा सेटमध्ये सी-9 हा भाग काढून बघ, किती टक्के मुलांनी स्कोअर पाठवले ते शेजारीच छापलेलं असतं.

बाकीच्या यादीबद्दल थोडक्यात. बर्कली आणि सॅन डिएगोसाठी स्कोअरचा विचारच करू नकोस. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही, तिथे तुझे निबंध आणि ग्रेड. ॲन आर्बरला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनला, ऐच्छिक आहे, तिथे 1500 वरच्या बाजूला बसतो, बिनधास्त पाठव. प्रिन्स्टनने आत्ताच पुन्हा सक्ती जाहीर केली, पण ती 2027-28 च्या अर्जांपासून, तुला लागू नाही. मी तुझ्या जागी असते तर तिथे आणि कोलंबियाला पाठवला असता. बाबांना कोलंबियाबद्दल शंका आहे, त्यांच्याशी बोल.

येलची गोष्ट मात्र नीट समजून घे. तिथे एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्याही परीक्षेचे गुण चालतात, म्हणून तू एपीवर भागवायचं म्हणत होतीस. पण एपी निवडलंस तर तोवर दिलेल्या सगळ्या एपीचे गुण द्यावे लागतात. कॅल्क्युलसच्या 5 बरोबर फिजिक्सचे 2 पण जातील. दहावीत फिजिक्सचे शिक्षक वर्षाच्या मध्यावर सोडून गेले होते, हे त्या 2 च्या आकड्यात कुठे लिहिलेलं नसतं. येलला एसएटीच पाठव.

जॉर्जटाउनला निवड नाही. दिलेल्या सगळ्या परीक्षा ते मागतात, त्यामुळे मॅथ 760 वरून 730 झालं तेही त्यांना दिसेल. दिसू दे. एप्रिलचं दाबून ऑगस्टचंच भरावं असा विचार मनात आला असेल तर तो सोडून दे. नियम जो आहे तो पाळायचा. तेवढी तीस गुणांची घसरण कोणाच्या प्रवेशाच्या आड येत नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा परीक्षा द्यायची का, हे विचारलं होतंस. माझं मत नाही असं आहे. वीस-तीस गुण वाढतीलही, पण त्यासाठी शनिवार-रविवार सराव परीक्षांत जातील आणि निबंध रात्री अकरानंतर लिहिले जातील. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटवर तू जे काम केलंस, घरोघरी जाऊन बाटल्या भरून आणल्यास, तो निबंध अजून अर्धाच आहे. तुझ्याबद्दल जे सांगायला हवं ते त्यात आहे. आणि तो वाचणाऱ्याला मॅथचे 760 शेजारी दिसले, तर तुझ्या तक्त्यांवर त्याचा विश्वास बसायला मदतच होईल.

आजीने आज विचारलं, सोळाशेपैकी दीड हजार म्हणजे किती टक्के? मी चौऱ्याण्णव म्हणाले. ती शेजारच्या मावशींना सांगून आली.

सोमवारी कौन्सेलरना भेटून शाळेच्या प्रोफाइलची प्रत मागून घे आणि त्यात एसएटीची सरासरी चालू वर्षाची आहे ना ते बघ, जुनी असेल तर बदलून घ्यायला सांग. कॉलेज बोर्डाच्या खात्यावर एप्रिलचा निकाल दिसतोय का तेही तपास, शाळेतल्या परीक्षेचा निकाल कधी कधी आपोआप जोडला जात नाही. दोन्ही झालं की फोटो पाठव. मी रात्री, म्हणजे तुझ्या सकाळी, फोन करते.

तुझी,
आई