स्वयंसेवकाच्या उपचारांची तजवीज आधी, संसर्ग नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धडधाकट माणसाला मुद्दाम रोगजंतू द्यायचे आणि लस त्याला तारते का ते पाहायचे, हे ऐकून अनेकांच्या अंगावर काटा येतो. तरीही या मानवी संसर्ग चाचण्यांवर सरसकट बंदी घालावी, असे मला वाटत नाही. विषमज्वराचेच पाहा. त्याचा जंतू फक्त माणसालाच आजारी पाडतो, त्यामुळे उंदरांवरच्या प्रयोगांतून फारसे काही हाती लागत नाही. ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांनी आधी पोटातले आम्ल मारणारे खाण्याच्या सोड्याचे पाणी प्यायले आणि मग जिवंत जंतू गिळले. पुढचे दोन आठवडे रोज तपासणी, आणि ताप दिसला की लगेच प्रतिजैविके. सुमारे 100 जणांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज लहान मुलांना दिली जाणारी संयुग्म लस (जंतूच्या आवरणातला अंश प्रथिनाला जोडून केलेली) खरोखर संरक्षण देते, हे त्यातून दिसले. पटकीवरच्या एका तोंडाने घ्यायच्या लशीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली, तीही मुख्यतः अशाच चाचणीच्या आधारावर. नेहमीच्या पद्धतीने गेले असते तर हजारो माणसे आणि कित्येक वर्षे लागली असती.

पण या दोन्ही रोगांवर हुकमी उपचार आहेत. तसे ते नसतात तेव्हा खरी कसोटी लागते. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये 18 ते 29 वयाच्या 36 निरोगी तरुणांच्या नाकात करोनाच्या विषाणूचे थेंब टाकण्यात आले. त्यातल्या 18 जणांना संसर्ग झाला, गंभीर आजारी कुणीही पडले नाही. मात्र बऱ्याच जणांची वास घेण्याची शक्ती बिघडली आणि काहींच्या बाबतीत हा बिघाड सहा महिन्यांनंतरही पुरता गेला नव्हता. विलगीकरणाची खोली सोडून माणूस घरी जातो तेव्हा चाचणी त्याच्यापुरती संपलेली नसते, हे यातून कळते.

संमतीपत्रावर सही घेतली की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांचा 1900 सालचा क्युबातला करारनामा जरूर वाचावा. डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या प्रयोगात उतरणाऱ्याला 100 डॉलर सोन्याच्या रूपात आणि आजारी पडला तर आणखी 100 डॉलर देण्याचे त्यात कबूल केले होते. इथे राहून हा रोग टळणे अशक्यच आहे, त्यापेक्षा उत्तम शुश्रूषेच्या भरवशावर तो मुद्दाम घेतलेला बरा, असे सही करणाऱ्याच्या तोंडी घातले होते. आणि छावणीची हद्द ओलांडली तर सगळ्या लाभांवर पाणी! लेखी संमतीच्या इतिहासातला हा पहिल्या काही कागदांपैकी एक म्हणून त्याचे कौतुक होते, ते रास्तही आहे. पण त्यात गरजेचा आणि भीतीचा केवढा दाब आहे! पुढच्याच वर्षी तिथल्या डासांच्या प्रयोगात क्लारा मास ही 25 वर्षांची परिचारिका दगावली.

आज स्वयंसेवकाला कधीही माघार घेता येते, असे सांगतात. संसर्ग झालेला माणूस मध्येच उठून घरी कसा जाणार? त्याच्यापासून इतरांना धोका असतो. डासांमुळे आणि शरीरसंबंधातूनही पसरणाऱ्या झिका विषाणूच्या चाचणीला 2017 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला नाही, त्यामागे जोडीदाराला आणि गर्भाला असलेला हाच धोका होता. म्हणजे जंतू शरीरात गेल्यावर माघारीचा हक्क बराचसा कागदावरच उरतो. म्हणूनच त्या माणसाची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांनी पूर्णपणे उचलली पाहिजे.

त्यासाठी कायद्यातच तरतूद हवी. चाचणीमुळे झालेल्या दुखण्यावर उपचार आणि भरपाई मिळवण्यासाठी कुणाची चूक झाली हे स्वयंसेवकाला सिद्ध करावे लागू नये. दुखणे दोन वर्षांनी उपटले तरी दार उघडे असावे. मानधन वेळेचे आणि गैरसोयीचे द्यावे, पण ते इतके मोठे नसावे की कर्जात बुडालेल्याला धोका दिसूच नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कंपनी उद्या बंद पडली किंवा संशोधनाचा निधी आटला तरी उपचार थांबू नयेत, म्हणून ही रक्कम पहिल्या स्वयंसेवकाला जंतू देण्याआधीच एका स्वतंत्र निधीत जमा झालेली असावी. ती जमा झाल्याची पावती पाहिल्याशिवाय नैतिकता समितीने परवानगीच देऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक