घातक कचऱ्याच्या संकलनासाठी बादल्या, वाळू आणि मनुष्यबळ हवे आहे

घराघरांतले जुने सेल, ट्यूब, उरलेले रंग आणि मुदत संपलेली कीटकनाशके गोळा करून आम्ही अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवतो. यातला खरा धोका असतो तो सरमिसळीचा. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये थोडेसे थिनर पडले तरी सगळा कॅन नाकारला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळे भांडे लागते, आणि भांडीच कमी पडत आहेत.

सर्वांत निकड आहे ती झाकणाच्या पत्र्याच्या बादल्यांची आणि कोरड्या, चाळलेल्या वाळूची. मोबाइल, लॅपटॉप, पॉवरबँकच्या फुगलेल्या बॅटऱ्या आम्ही वाळूत, एकमेकींना न लागतील अशा पुरतो. झाकण नुसते ठेवलेले हवे. घट्ट लावले तर आत साचणाऱ्या वायूचा दाब वाढतो. वाळू ओली नको. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नका, फोनमधून ओढून काढूही नका; फोनसकट आणा. चांगल्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांच्या टोकांवरही चिकटपट्टी लावा. ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात, त्यामुळे एखादी किल्ली किंवा नाणे आडवे आले तरी तो तापतो.

ट्यूब आणि सीएफएलसाठी लांब खोकी व रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या द्या. दिवा घरात फुटलाच तर खिडक्या उघडून १०-१५ मिनिटे खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, दिव्यातला पारा आणखी पसरतो. तुकडे जाड कागदाने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळे बरणीत बंद करा.

कीटकनाशक मूळ बाटलीतच आणा. पाण्याच्या बाटलीत ओतलेले औषध कुणीतरी पिऊन बसते, आणि लेबल नसले तर त्यावर उपचार करणेही अवघड होते.

पैशांची मदत वाहतूक आणि प्रक्रियेसाठी लागेल. शिशाच्या बॅटऱ्यांना भंगारात किंमत मिळते. ट्यूब आणि कीटकनाशकांसाठी मात्र आपल्यालाच शुल्क भरावे लागते.

वर्गीकरणाला १८ वर्षांवरील स्वयंसेवक हवेत. लेबल नीट वाचता यायला हवे, पायात बंद बूट हवेत. नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे आणि चष्मे आम्ही देऊ. कुणाकडे न वापरलेले जोड असतील तर तेही आणावेत.